भारतीय नागरिकत्वाचा प्रतीक्षाकाळ (नैसर्गिकीकरण)

भारतीय नागरिकत्वाचा प्रतीक्षाकाळ म्हणजे परदेशी व्यक्तीला नैसर्गिकीकरणाद्वारे भारताचे नागरिकत्व मिळेपर्यंत लागणारा कालावधी होय. नैसर्गिकीकरणालाच काही पाठ्यपुस्तकांत स्वीकृतीद्वारे मिळणारे नागरिकत्व असे म्हटले जाते. नागरिकत्व अधिनियम, १९५५ मधील कलम ६ व तिसरी अनुसूची यांत त्याच्या अटी दिलेल्या आहेत. या प्रतीक्षेचे दोन भाग पडतात. पहिला भाग अर्जापूर्वीच्या वास्तव्याचा असून त्याची मोजणी कायद्याने ठरवून दिली आहे. दुसरा भाग अर्ज दाखल केल्यापासून प्रमाणपत्र हाती येईपर्यंतचा असतो. त्याच्या अंतिम टप्प्याला अधिनियमात कोणतीही कालमर्यादा नाही.

वास्तव्याची अट

अर्जाच्या तारखेपूर्वीचे सलग १२ महिने अर्जदाराने भारतात वास्तव्य केलेले असावे लागते. त्या १२ महिन्यांच्या आधीच्या १४ वर्षांत त्याचे भारतातील एकूण वास्तव्य किमान ११ वर्षे भरावे लागते. भारतातील शासकीय सेवेचा काळही या गणनेत धरला जातो. उदाहरणार्थ, १ जानेवारी २०१० पासून अखंड व वैध वास्तव्य असलेल्या व्यक्तीला १ जानेवारी २०२२ च्या सुमारास अर्ज करता येतो. आधीच्या १४ वर्षांत एकूण तीन वर्षांपर्यंतचा खंड चालतो. शेवटच्या १२ महिन्यांत मात्र सलगता आवश्यक असते. विशेष परिस्थितीत केंद्र सरकार या गणनेत काही सवलत देऊ शकते.

वास्तव्याशिवाय इतरही अटी आहेत. अर्जदार सज्ञान व चांगल्या चारित्र्याचा असावा, त्याला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान असावे आणि नागरिकत्व मिळाल्यावर भारतात राहण्याचा त्याचा मानस असावा. मराठी ही आठव्या अनुसूचीतील भाषा असल्याने मराठीचे ज्ञान ही अट पूर्ण करते. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती या क्षेत्रांत विशेष सेवा करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत केंद्र सरकार तिसऱ्या अनुसूचीतील सर्व किंवा काही अटी शिथिल करू शकते.

अटीतील बदल

मूळ अधिनियमात सलग १२ महिने आणि त्याआधीच्या सात वर्षांत एकूण चार वर्षे, म्हणजे एकंदर पाच वर्षांचे वास्तव्य पुरेसे होते. १९८६ च्या दुरुस्तीने ही मुदत एकंदर दहा वर्षांवर नेली. २००३ च्या दुरुस्तीने ती बारा वर्षे झाली व ३ डिसेंबर २००४ पासून हा बदल अमलात आला. याच दुरुस्तीने बेकायदेशीर स्थलांतरितांना नोंदणी व नैसर्गिकीकरण हे दोन्ही मार्ग बंद केले. त्यामुळे व्हिसाची मुदत संपल्यानंतरही राहिलेल्या व्यक्तीला केवळ वर्षे मोजून दाखवणे पुरेसे ठरत नाही; वास्तव्य वैध असल्याचेही सिद्ध करावे लागते.

नागरिकत्व (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान या देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिश्चन व्यक्तींसाठी ११ वर्षांची अट पाच वर्षांवर आणली गेली. हा अधिनियम १० जानेवारी २०२० रोजी लागू झाला. परंतु त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले. वास्तव्याची अट कमी झाली, तरी नियमांअभावी पात्र व्यक्तींना या तरतुदीखाली चार वर्षांहून अधिक काळ अर्ज करता आला नाही. या अधिनियमात मुस्लिमांचा समावेश नसल्याने त्यावर देशभर वाद झाला आणि त्याच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

अर्जाचा प्रवास

अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरून त्याची प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकाऱ्याकडे द्यावी लागते. नागरिकत्व नियम, २००९ नुसार जिल्हाधिकाऱ्याने आपल्या अहवालासह अर्ज ६० दिवसांत राज्य शासनाकडे आणि राज्य शासनाने आपल्या शिफारशीसह तो ३० दिवसांत केंद्राकडे पाठवणे अपेक्षित आहे. सुरक्षा यंत्रणांकडूनही अर्जदाराची पडताळणी होते. नागरिकत्व हा संघसूचीतील विषय असल्याने अंतिम निर्णय केंद्र सरकारचा असतो.

अर्ज स्वीकारला गेल्यावर अर्जदाराला मूळ देशाचे नागरिकत्व सोडल्याचा पुरावा सादर करावा लागतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने ही पायरी टाळता येत नाही. परंतु मूळ देशाचा दूतावास कागद किती दिवसांत देईल, हे भारतीय प्रशासनाच्या हाती नसते. एक नागरिकत्व सुटलेले आणि दुसरे अद्याप न मिळालेले, अशा मधल्या काळात व्यक्ती कोणत्याच देशाची नागरिक नसते. शेवटी निष्ठेची शपथ घेतल्यावर प्रमाणपत्राच्या तारखेपासून ती व्यक्ती भारतीय नागरिक ठरते. अर्जाच्या तारखेला या दृष्टीने महत्त्व नाही. म्हणजेच अर्ज प्रलंबित राहिलेली वर्षे नागरिकत्वात जमा होत नाहीत. २०१९ च्या अधिनियमाखालील व्यक्तींना मात्र भारतातील प्रवेशाच्या तारखेपासून नागरिक मानले जाते.

अधिनियमाच्या कलम १४ नुसार अर्ज मंजूर किंवा नामंजूर करण्याची कारणे देण्याचे बंधन शासनावर नाही. निर्णयाविरुद्ध पुनरीक्षण अथवा पुनर्विलोकन मागायचे झाल्यास अर्जदाराला ३० दिवसांची मुदत असते. अर्जदाराला अशी मुदत बांधून देणारा अधिनियम केंद्राच्या निर्णयाला मात्र मुदत घालत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

फाळणीनंतर ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर व नागपुरातील जरीपटका या भागांत सिंधी निर्वासितांच्या मोठ्या वसाहती झाल्या. पुढील काळातही पाकिस्तानातून हिंदू कुटुंबे तेथील नातेवाइकांकडे येत राहिली. दीर्घकालीन व्हिसावर राहणाऱ्या अशा कुटुंबांचे अर्ज लवकर निकाली निघावेत, यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये काही जिल्हाधिकाऱ्यांना वर उल्लेखिलेल्या तीन देशांतील सहा समुदायांच्या अर्जांवर निर्णय घेण्याचे अधिकार दिले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, ठाणे व नागपूर हे जिल्हे होते. फाइल दिल्लीपर्यंत जाऊन परत येण्याचा टप्पा त्यामुळे वगळला गेला.

नागरिकत्व स्वीकारलेल्या नामवंतांमध्ये अमेरिकेत जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांचा समावेश होतो. सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे स्थायिक झालेल्या ऑम्व्हेट १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. गायक अदनान सामी मार्च २००१ मध्ये भारतात आले. २०१५ मध्ये त्यांच्या पाकिस्तानी पारपत्राची मुदत संपली व त्याचे नूतनीकरण झाले नाही. १ जानेवारी २०१६ पासून त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले.

प्रतीक्षेचे परिणाम

कायद्यापुढील समानता (अनुच्छेद १४) आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य (अनुच्छेद २१) यांचे संरक्षण भारतातील प्रत्येक व्यक्तीला आहे. शासकीय नोकरीतील समान संधी (अनुच्छेद १६), भाषण व संचार इत्यादी स्वातंत्र्ये (अनुच्छेद १९) आणि मतदान (अनुच्छेद ३२६) हे हक्क मात्र केवळ नागरिकांना आहेत.

सर्वांत दूरगामी परिणाम मुलांवर होतो. ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर भारतात जन्मलेले मूल जन्माने नागरिक ठरण्यासाठी त्याचे दोन्ही पालक नागरिक असावे लागतात, अथवा एक पालक नागरिक व दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसलेला असावा लागतो. दोन्ही पालक परदेशी नागरिक असून त्यांचे अर्ज प्रलंबित असताना नागपुरात जन्मलेले मूल नागपूरच्या शाळेत शिकले, तरी ते जन्माने भारतीय ठरत नाही. प्रमाणपत्र मिळण्याच्या आदल्या दिवशी जन्मलेले अपत्य परदेशी आणि नंतर जन्मलेले त्याचे भावंड भारतीय, असे एकाच घरात घडू शकते. पालकांना नागरिकत्व मिळाल्यावर अज्ञान मुलाची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. तोवर मूल १८ वर्षांचे झाले, तर ती तरतूद लागू होत नाही व सज्ञान अपत्यांसाठीच्या वेगळ्या तरतुदीखाली अर्ज करावा लागतो.

इतर देशांतील तरतुदी

अमेरिकेत कायम निवासाचा परवाना मिळाल्यापासून साधारणतः पाच वर्षांनी नैसर्गिकीकरणास पात्रता येते. मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय न झाल्यास अर्जदार संघीय जिल्हा न्यायालयात दाद मागू शकतो. मात्र तो कायम निवासाचा परवाना मिळण्यासाठीच नोकरीच्या आधारे अर्ज करणाऱ्या भारतीयांना, देशनिहाय मर्यादेमुळे, अनेक वर्षे थांबावे लागते. जर्मनीने जून २०२४ मध्ये वास्तव्याची सर्वसाधारण अट आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. तेथे प्रशासनाने पुरेशा कारणाविना तीन महिने निर्णय न दिल्यास अर्जदाराला प्रशासकीय न्यायालयात जाता येते. भारतात निर्णयास फार विलंब झाल्यास अर्जदार अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करू शकतो; परंतु किती दिवसांनंतरचा विलंब अवाजवी समजावा, हे अधिनियमात सांगितलेले नाही.