धर्माचा तास, नीतीचा तास : शाळेत काय शिकवता येते आणि कोणाच्या संमतीने?

कुंभकोणम : कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या या मंदिरनगरीत शिक्षणाची परंपरा मंदिरांइतकीच ठळक आहे. येथील वेदपाठशाळेचा संबंध तंजावरच्या नायक राजांचे प्रधान गोविंद दीक्षितर यांच्याशी जोडला जातो. १८९९ पासून हे शहर कॅथलिक धर्मप्रांताचेही केंद्र आहे. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांनी शालेय शिक्षण येथील टाउन हायस्कूलमध्ये घेतले. सरकारी, खासगी अनुदानित आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा अशा शहरांत एकमेकींपासून फार दूर नसतात. मात्र नववीतील मुलाला वर्गात धर्माविषयी काय सांगता येईल, याचे उत्तर तो कोणत्या शाळेच्या फाटकातून आत जातो यावर अवलंबून असते.

माध्यमिक शाळांत नैतिक आणि धार्मिक शिक्षण असावे की नसावे, हा वाद देशात वारंवार उद्भवतो. गुजरात सरकारने २०२२ मध्ये सहावी ते बारावीसाठी भगवद्गीतेचा समावेश जाहीर केला, तेव्हाही त्यावर दोन्ही बाजूंनी मते व्यक्त झाली. या गदारोळात राज्यघटनेने आखून दिलेली चौकट बहुधा मागे पडते. त्या चौकटीत पालकांच्या हाती असलेला एक अधिकारही त्यामुळे दुर्लक्षित राहतो.

राज्यघटना काय सांगते?

या विषयाचा मुख्य आधार अनुच्छेद २८ हा आहे. त्यानुसार पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शाळेत कोणतेही धार्मिक शिक्षण देता येत नाही. एखादी संस्था सरकार चालवत असले, पण ती ज्या दानपत्राने किंवा न्यासाने स्थापन झाली त्यातच धार्मिक शिक्षणाची अट असेल, तर तिला या मनाईतून वगळले आहे. तिसरी तरतूद सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांसाठी आहे. तेथे धार्मिक शिक्षण देता येते, प्रार्थनाही घेता येते. परंतु विद्यार्थ्यावर त्यात सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. त्यासाठी त्याची, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची, संमती आवश्यक आहे.

या तिसऱ्या तरतुदीची शब्दरचना नीट पाहण्यासारखी आहे. पालकाने हरकत घेतली तर मुलाला सूट द्यावी, असे ती म्हणत नाही. आधी संमती आणि मग सहभाग, असा तिचा क्रम आहे. म्हणजे पालक गप्प राहिले, एवढ्यावरून त्यांनी होकार दिला असे धरता येत नाही.

संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये या तरतुदीवर चर्चा झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सरकारी शाळांतील मनाईची कारणे स्पष्ट केली होती. कर सर्व धर्मांचे लोक भरतात, त्यामुळे त्या पैशातून एकाच धर्माची शिकवण देणे न्याय्य नाही. देशात धर्म इतके आहेत की सर्वांची सोय करणेही शक्य नाही. शिवाय प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा मानतो, त्यामुळे शाळेतील शांतता बिघडण्याचा धोका आहे. याच चर्चेत त्यांनी धर्माची शिकवण आणि धर्माचा अभ्यास या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचेही सांगितले होते.

‘शिकवण’ आणि ‘अभ्यास’ यांतील फरक

हा भेद पुढे सर्वोच्च न्यायालयातही निर्णायक ठरला. २००० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात विविध धर्मांविषयी माहिती देण्याचा प्रस्ताव होता. त्याला अरुणा रॉय आणि इतरांनी आव्हान दिले. सप्टेंबर २००२ मध्ये न्यायालयाने आराखडा वैध ठरवला. विशिष्ट धर्माचे विधी, उपासना आणि श्रद्धा रुजवणे हे धार्मिक शिक्षण होय. सर्व धर्मांतील समान मूल्यांची ओळख करून देणे हे अनुच्छेद २८ च्या मनाईत येत नाही, असा या निकालाचा आशय आहे. मात्र अभ्यासाच्या नावाखाली एखाद्या धर्माचा प्रचार होऊ नये, ही खबरदारीही न्यायालयाने आवश्यक मानली.

या निकालात ज्या अहवालाचा मोठा आधार घेण्यात आला, तो महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीचा होता. १९९९ च्या या अहवालाने सत्य, सदाचरण, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये शिक्षणाचा पाया असावीत, अशी मांडणी केली. महाराष्ट्रातील शाळांचा परिपाठ आणि त्यातील वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, सर्वधर्मसहिष्णुता आदी मूल्ये याच विचाराच्या जवळची आहेत.

त्याही आधी, १९५२-५३ मध्ये, मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या माध्यमिक शिक्षण आयोगाने मधला मार्ग सुचवला होता. धार्मिक शिक्षण द्यायचेच असेल तर ते ऐच्छिक असावे, शाळेच्या नियमित वेळेबाहेर द्यावे, त्या त्या धर्माच्या मुलांपुरते मर्यादित ठेवावे आणि पालकांच्या संमतीनेच द्यावे, अशी त्या आयोगाची भूमिका होती.

तमिळनाडूचा मार्ग : तिरुक्कुरळ

तमिळनाडूत नीतिशिक्षणाचा विषय निघाला की पहिले नाव तिरुक्कुरळचे येते. तिरुवळ्ळुवर यांच्या या ग्रंथात १३३ अध्याय आणि १,३३० द्विपदी आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने त्यातील धर्म आणि अर्थ या दोन विभागांचे १०८ अध्याय सहावी ते बारावीच्या अभ्यासक्रमात आणण्याचा आदेश दिला. कामविषयक तिसरा विभाग त्यातून वगळण्यात आला. येथे ‘धर्म’ या शब्दाचा अर्थ पंथ नसून सदाचार आहे. ग्रंथाचा आरंभ ईश्वरस्तुतीने होत असला तरी तो कोणत्या एका पंथाशी बांधलेला नाही. जैन, शैव, वैष्णव असे सारेच त्याला आपला मानतात. कृतज्ञता, संयम, गोड बोलणे, विद्या, राज्यकर्त्याचे कर्तव्य असे त्याचे विषय असल्यामुळे सरकारी शाळेतही तो शिकवताना अनुच्छेद २८ आड येत नाही.

तरीही ही रेषा किती सहज ओलांडली जाते, हे २०२४ मध्ये चेन्नईत दिसून आले. अशोकनगरमधील मुलींच्या सरकारी शाळेत प्रेरणादायी व्याख्यानासाठी आलेल्या एका वक्त्याने अपंगत्व आणि दारिद्र्य ही पूर्वजन्मीच्या पापांची फळे असल्याचे विद्यार्थिनींना सांगितले. सभागृहातील एका दृष्टिहीन शिक्षकाने तेथेच हरकत घेतली. चित्रफीत सर्वत्र पसरल्यानंतर वक्त्याला अटक झाली. शाळांतील कार्यक्रमांसाठी मार्गदर्शक सूचना तयार करण्याचे आदेश मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी दिले. त्या व्याख्यानाच्या विषयात धर्म नव्हता, ते नीतीच्या नावाने ठेवले होते. त्यामुळे तासिकेचे नाव काय, यापेक्षा तिच्यात मुलांना काय सांगितले जाते, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

कुंभकोणमचा जुना धडा

धर्मनिरपेक्ष शालेय शिक्षणाची कल्पना या शहराला नवी नाही. सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष असावे, असे वुडच्या खलित्याने १८५४ मध्ये ठरवले. त्याच वर्षी कुंभकोणममध्ये सरकारी शाळा सुरू झाली आणि पुढे तिचेच महाविद्यालय झाले.

तंजावरच्या मराठी भाषक कुटुंबातील सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये याच शहरात झाला. त्रावणकोर आणि इंदूरनंतर ते बडोद्याचे दिवाण झाले. तेथे किशोरवयीन सयाजीराव गायकवाड यांना त्यांनी दिलेली व्याख्याने ‘मायनर हिंट्स’ या नावाने प्रसिद्ध आहेत. प्रजेचे सुख हेच राजाचे कर्तव्य, हे त्यांचे मुख्य सूत्र. एका तरुणाला न्याय, संयम आणि जबाबदारी शिकवताना माधवरावांनी कर्मकांडाचा आधार घेतला नाही. याच सयाजीरावांनी पुढे, १९०६ मध्ये, संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

पालकांनी काय पाहावे?

काही प्रश्न अजून न्यायालयापुढे आहेत. केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत आणि हिंदी प्रार्थनांना आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवली. सामायिक प्रार्थना म्हणजे धार्मिक शिक्षण की केवळ शिस्तीचा भाग, हा त्यातील कळीचा मुद्दा आहे.

दैनंदिन व्यवहारात मात्र तीन साधे प्रश्न पुरेसे ठरतात. शाळेचा खर्च कोण करते आणि ती कोण चालवते? तासिकेत माहिती दिली जाते की उपासना करून घेतली जाते? आणि उपासना असेल, तर पालकाची संमती आधी घेतली आहे का? धर्मसंस्थांच्या शाळांना आपली परंपरा जपण्याचा अधिकार घटनेनेच दिला आहे. त्याच शाळेत बसलेल्या वेगळ्या श्रद्धेच्या किंवा कोणतीही श्रद्धा नसलेल्या मुलालाही तीच घटना संरक्षण देते. प्रवेशाच्या अर्जावर सही करताना पालकांनी तिसरा प्रश्न विचारला आणि शाळेने त्याचे उत्तर लेखी दिले, तर पुढचे बरेच वाद वर्गाच्या दारापर्यंत येणार नाहीत.