धरणे आणि सोडणे
(सायकलीची अंगोपांगे : लेखांक नववा)

गेल्या आठवड्यात साखळीची झीज कशी मोजावी याचा विचार झाला. परंतु साखळीपर्यंत येणारे बळ मनुष्याच्या पायातून यंत्रात जेथे उतरते, त्या चार बोटे रुंद जागेची वास्तपुस्त आपण सहसा करीत नाही. ब्रेक करकरू लागला की आपण दुकान गाठतो, टायर गुळगुळीत झाला की तो बदलून घेतो. पेडल मात्र, ते फिरते आहे एवढ्याच आधारावर, वर्षानुवर्षे बिनतक्रार चाकरी करील असे धरून चालतो. शर्यतीच्या सायकलीवरील ज्या पेडलात बूट अडकून बसतो, त्याच्या बाबतीत ही हयगय विशेष घातक ठरते.

या पेडलाला ‘क्लिपलेस’ म्हणतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ नावापासूनच सुरू होतो. कारण जे पेडल पाय पकडून ठेवते, त्याला क्लिप नसलेले कसे म्हणावे? नाव पडले ते पूर्वीच्या टो-क्लिपवरून. त्या काळी पेडलावर पावलापुढे धातूचा पिंजरा असे, त्यातून चामडी पट्टा ओवलेला असे, आणि स्वार तो पट्टा हाताने आवळून पाय बांधून घेई; उतरायचे झाले की पुन्हा वाकून हातानेच सैल करी. इटलीतील चिनेल्ली यांनी १९७१ साली पट्ट्यावाचून बूट अडकवणारे पेडल काढले खरे, पण त्यातून सुटण्यासाठीही हात खालीच न्यावा लागे. खरी सुटका झाली ती १९८४ साली. फ्रान्समधील नव्हेर येथील लुक ही कंपनी बर्फावरील स्कीला बूट जोडणाऱ्या खटक्यांसाठी प्रसिद्ध होती. तिने तेच तत्त्व पेडलात आणले, आणि पुढच्याच वर्षी बेर्नार इनो याने ही पेडले वापरून टूर द फ्रान्स जिंकल्यावर पट्ट्यांचे दिवस भरले.

हा वंशवृत्तांत देण्याचे कारण आहे. स्कीचा खटका केवळ बूट धरण्यासाठी नसतो. माणूस पडला असता पायाचे हाड मोडू नये म्हणून योग्य क्षणी बूट सोडणे हे त्याचे निम्मे कर्तव्य असते. पेडलाने हाच वारसा उचलला. म्हणून त्याच्या विश्वासार्हतेला दोन बाजू आहेत: चढावर उभे राहून सारा भार टाकला तरी त्याने पाय सोडता कामा नये, आणि टाच बाहेर वळवताच त्याने क्षणाचाही विलंब न लावता पाय सोडला पाहिजे. टिकाऊपणा ही याहून निराळी गोष्ट आहे. दहा वर्षे न मोडलेले पेडल विश्वासार्ह असेलच असे नाही.

रचना पाहू. बुटाच्या तळव्याला तीन स्क्रूंनी जी त्रिकोणी पट्टी बसते ती क्लीट. तिचे पुढचे ओठ पेडलाच्या पुढच्या खाचेत शिरतात आणि मागची कड स्प्रिंगच्या जबड्याखाली खटकन बसते. पेडलाची काया कार्बनमिश्रित प्लास्टिकची वा ॲल्युमिनियमची असून, क्लीट जेथे घासते तेथे बहुधा पोलादी पत्रा जडवलेला असतो. क्लीट मात्र साध्या प्लास्टिकची. ही विषमता बुद्धिपुरस्सर योजलेली आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासणार हे अटळ असल्यामुळे, जे स्वस्त आहे ते झिजावे आणि जे महाग आहे ते राहावे, अशी ही तजवीज आहे. क्लीट लवकर झिजते अशी तक्रार मी सायकलस्वारांकडून वारंवार ऐकतो; झिजणे हेच तिचे काम आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते.

गमतीची गोष्ट अशी की, क्लीट पेडलावर जितकी झिजत नाही तितकी रस्त्यावर चालताना झिजते. चहाच्या टपरीपुढची खडी, पेट्रोल पंपाचे खरबरीत काँक्रीट, घराचा जिना हे तिचे खरे शत्रू. त्यातही झीज सारखी होत नाही. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने चालवतो, सिग्नलला डावा पाय सोडवून पदपथाच्या कडेवर टेकवतो. त्यामुळे बहुतेकांची डावी क्लीट उजवीच्या कितीतरी आधी निकामी होते. बूट उलटे करून शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे हे दिसेल: उजव्या क्लीटच्या कोपऱ्यांवरील रंगीत टोके शाबूत, डावीची मात्र घासून सपाट झालेली, आणि पुढचे ओठ कागदासारखे पातळ. ओठ या अवस्थेला आले की किती अंतर झाले याचा हिशेब पाहत न बसता क्लीट बदलावी.

क्लीट अडकलेली असताना टाचेला डावीउजवीकडे हलण्याची जी मुभा असते, ती क्लीटच्या रंगावरून कळते. शिमानोच्या पिवळ्या क्लीटला ६ अंश, निळीला २ आणि लाल क्लीटला मुळीच नाही. लुकच्या केओ जातीत मात्र राखाडी क्लीटला ४.५ अंश, लालला तब्बल ९ आणि काळीला शून्य. एकाची लाल म्हणजे पूर्ण बंदी, दुसऱ्याची लाल म्हणजे सर्वाधिक मोकळीक! दोन्ही कंपन्यांच्या क्लीट दिसायला सारख्या, तरी परस्परांच्या पेडलात चालत नाहीत. झिजलेली क्लीट या ठरवून दिलेल्या मुभेत न मागितलेला सैलपणा मिसळते, आणि तो प्रथम गुडघ्याला जाणवतो.

आता सोडण्याविषयी. काही वर्षांपूर्वी पुण्याहून निघालेल्या ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरावीक मुदतीत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेरीत, मी भाग घेतला होता. त्याला २० तासांची मुदत असते. आदल्या रात्री घाईघाईने नव्या क्लीट बसवल्या, स्क्रूंच्या आट्यांना ग्रीस लावले नाही आणि डावीकडचे स्क्रू पुरते आवळलेही नाहीत. निम्मे अंतर ओलांडल्यावर डाव्या पायाखाली बारीक कुरकुर सुरू झाली. ती धुळीची समजून मी पुढे निघालो. एका फाट्यावर ट्रक आडवा आला म्हणून थांबताना नेहमीप्रमाणे टाच वळवली, तर बूट वळला आणि क्लीट जागच्या जागी राहिली. तीनपैकी दोन स्क्रू वाटेत कोठेतरी गळून पडले होते. उरलेल्या एका स्क्रूभोवती बूट चकरीसारखा फिरत होता, आणि जबडा उघडण्यासाठी जो पीळ लागतो तो क्लीटपर्यंत पोहोचतच नव्हता. मी डाव्या कुशीवर सायकलीसकट आडवा झालो, कोपर सोलवटले. बुटाची पकड सोडून पाय बाहेर काढला, तेव्हा बूट पेडलाला लोंबकळत होता. शेवटी उजव्या बुटातील तीनपैकी एक स्क्रू ॲलन कीने काढून डाव्यात घातला, आणि दोन्ही पायांखाली दोन-दोन स्क्रू अशा अवस्थेत मुदतीच्या आत पुण्यास परतलो. त्या दिवसात पेडलाचा दोष तिळमात्रही नव्हता. तेव्हापासून क्लीटचे स्क्रू ५ ते ६ न्यूटन-मीटर पिळाने आवळतो, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासतो.

पेडलाच्या पोटात आस आणि बेअरिंग असतात. तेथे शत्रू एकच, पाणी. पावसाळ्यात घाटातून उतरताना पुढच्या चाकाने उडवलेला चिखल, आणि त्याहून वाईट म्हणजे धुण्याच्या वेळी जोराच्या फवाऱ्याने आत ढकललेले पाणी, ग्रीसचा अंमल संपवते. परीक्षा सोपी आहे: पेडल क्रँकवरून काढून आस बोटांनी फिरवा, मऊ, किंचित जड फिरला तर ठीक, खरखर जाणवली तर छर्रे कोरडे पडले आहेत. शिमानोच्या पेडलात छर्रे आणि कोन अशी जुनी, उघडता येणारी रचना आहे, आणि मला तीच पसंत आहे; अर्ध्या तासात ती साफ करून नवे ग्रीस भरता येते. खबरदारी एवढीच की, क्रँकमध्ये बसणारे आटे डाव्या पेडलाचे उलटे असतात, तर आस काढण्यासाठी जी नळी फिरवावी लागते तिचे उलटे आटे उजव्या पेडलाला. ही अदलाबदल विसरून नळी चुकीच्या दिशेने फिरवल्याने ती तडकल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

याहून निराळ्या रचनाही आहेत. स्पीडप्ले या जातीच्या पेडलात सारा खटका क्लीटमध्ये असतो आणि पेडल म्हणजे केवळ एक चकती. दोन्ही बाजूंनी अडकवण्याची सोय उत्तम, पण चिखलात चाललेल्या बुटात क्लीटमधली स्प्रिंगच भरून जाते आणि नाजूक अंग नेमके जमिनीलगत येते. लुकच्या केओ ब्लेडमध्ये पोलादी स्प्रिंगऐवजी कार्बनची पट्टी आहे. वजन घटते, हे मान्य. परंतु स्क्रू पिळून ताण कमीअधिक करण्याची जी सोय पोलादी स्प्रिंगमध्ये आहे ती तेथे नाही, पट्टीच बदलावी लागते. दूरच्या प्रवासाला निघणाऱ्यास मी पोलादच सुचवीन.

जुनी क्लीट काढण्यापूर्वी तिच्या कडेने पांढऱ्या पेनने रेघ मारून घ्यावी. चिखल आधी ओल्या फडक्याने पुसावा, स्क्रूच्या खाचेत रुतलेली खडी सुईने कोरून काढावी, नाहीतर ॲलन की नीट बसत नाही आणि खाच गोल होते. मग आट्यांना ग्रीस लावून नवी क्लीट त्याच रेघेत बसवावी आणि तिन्ही स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. सायकल भिंतीला टेकवून, घरापुढेच, दोन्ही पाय वीस-पंचवीस वेळा अडकवून सोडवावेत. नवी क्लीट प्रारंभी ताठ असते आणि तिची ती पहिली कडक पकड भर चौकात भेटू नये.