साठीनंतर हाती घेतलेली शिट्टी

खेळ तरुणांचा आणि प्रेक्षकाची खुर्ची वृद्धांची, अशी वाटणी आपण कधी करून टाकली कोण जाणे! चांदूर बाजारच्या परिसरात सायंकाळी एखाद्या मैदानावर कबड्डीचा डाव रंगलेला दिसतो. कडेला ज्येष्ठांचा घोळका उभा असतो. यांतील अनेकांनी लहानपणी याच खेळाला हुतूतू म्हणत मातीत अंग घोळलेले असते. परंतु खेळाडू आणि प्रेक्षक यांच्या मधली एक जागा त्यांना सहसा सुचत नाही. ती जागा पंचाची. आपले वय साठीच्या पुढे असेल, प्रकृती बेताची का होईना पण स्थिर असेल, तर या जागेचा विचार आपण अवश्य करावा.

आपल्या अमरावती जिल्ह्याला या खेळाची मोठी परंपरा आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्यांत कबड्डीही होती. पुढे 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत हा पदकाचा खेळ झाला.

पंचगिरी शिकणे म्हणजे काय, ते प्रथम पाहू. पुरुषांचे क्रीडांगण 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असते. प्रत्येक संघाचे 7 खेळाडू मैदानात असतात आणि एका चढाईला 30 सेकंदांची मर्यादा असते. या अर्ध्या मिनिटात पंचाला अनेक गोष्टी टिपाव्या लागतात. चढाई करणाऱ्याचा ‘कबड्डी’चा उच्चार अखंड व स्पष्ट आहे का? मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर असलेली निदान रेषा त्याने ओलांडली का? समोर सहा किंवा अधिक बचावपटू असताना बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकला, तेव्हा दुसरा पाय हवेत होता का? स्पर्श झाला का? झाला असेल, तर कोणाला?

गुणलेखनाच्या टेबलाजवळचे काम याहून निराळे. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले, त्याच क्रमाने परत येतात. संपूर्ण संघ बाद झाला, तर लोणचे दोन जादा गुण मिळतात. हा क्रम बिनचूक सांभाळणे ही एकाग्रतेची चांगली कसरत आहे. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी प्रारंभ याच टेबलापासून करावा.

शिकण्याचा क्रम सोपा ठेवावा. प्रथम नियमपुस्तिका मिळवून रोज दोनच नियम वाचावेत आणि ते नातवंडांना समजावून सांगावेत. दुसऱ्याला समजावता आले, म्हणजे आपल्याला कळले. नंतर दूरचित्रवाणीवरील सामना आवाज बंद करून पाहावा आणि केवळ पायांकडे लक्ष द्यावे. पुढच्या खेपेस स्वतःच गुण लिहून ते पडद्यावरील आकड्यांशी ताडून पाहावेत. तिसऱ्या टप्प्यात एखाद्या जाणत्या पंचाशेजारी उभे राहून त्याचा निर्णय येण्यापूर्वी मनात आपला निर्णय घ्यावा. त्यानंतरच मुलांच्या मैत्रीपूर्ण सामन्यात शिट्टी हाती घ्यावी. अधिकृत सामन्यांसाठी संघटनेची पंचपरीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. गल्लीतील मुलांच्या डावाला मात्र नियम जाणणारा, निःपक्षपाती माणूस पुरतो.

आता शरीराची तयारी. रक्तदाब, हृदयविकार वा मधुमेह असेल, तर मैदानावर जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मोतीबिंदूची तपासणी राहिली असेल, तर ती करून घ्यावी. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहिले की वाचनाचे भिंग आड येते आणि नेमकी रेषा व पाय धूसर दिसतात. मैदानासाठी केवळ दूरचे पाहण्याचा वेगळा चष्मा उपयोगी पडेल का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारावे. ऐकू कमी येत असेल, तर श्रवणयंत्र लावण्यात संकोच कसला? चढाईचा उच्चार ऐकू येणे हा निर्णयाचाच भाग आहे.

पंच बाजूच्या रेषेलगत सतत हालत असतो, क्षणात दिशा बदलतो. म्हणून आधी काही आठवडे नियमित चालावे. खुर्चीला धरून एका पायावर उभे राहण्याचा सरावही करावा. जागतिक आरोग्य संघटनेने 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व शक्ती वाढवणारे व्यायाम सुचवले आहेत. पंचगिरी त्याची जागा घेत नाही. परंतु रोज चालायला जाण्यास एक कारण मात्र देते.

वऱ्हाडचा उन्हाळा विसरू नये. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी. छातीत दडपण, घेरी किंवा न आवरणारा दम जाणवला, तर सामना तत्क्षणी दुसऱ्याकडे सोपवून खाली बसावे आणि सोबत्यांनी विलंब न लावता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरातील काळजीवाहकांनाही एक विनंती. ‘आता या वयात कशाला?’ हे वाक्य प्रेमापोटी येते, हे खरे. परंतु ते वारंवार ऐकणारा माणूस हळूहळू घरातले आपले मतही सांगेनासा होतो. त्यांना अडवण्याऐवजी पहिले काही दिवस सोबत जावे. मैदान खडबडीत नाही ना, बसायला सावली आहे ना, औषधाची वेळ टळत नाही ना, एवढे पाहावे.

मैदानावर आरडाओरड होईल, क्वचित कोणी निर्णयावर हुज्जतही घालील. तेव्हा आवाज चढवू नये. खूण स्पष्ट करावी आणि खेळ पुढे न्यावा. आपला नातू खेळत असेल, तर त्या सामन्याची शिट्टी दुसऱ्याच्या हाती द्यावी. जे दिसले नाही, ते दिसल्याचे भासवू नये. सहकारी पंचाला विचारावे.

निवृत्तीनंतर अनेकांना खुपते ते रिकामपण नव्हे, तर आपल्या शब्दावाचून कोणाचे काही अडत नाही ही जाणीव. सायंकाळी चौदा मुले आपल्या निर्णयासाठी थांबून पाहतात, तेव्हा ती जाणीव काही काळ तरी दूर होते. या आठवड्यात जवळच्या मैदानावर जाऊन एक संपूर्ण डाव केवळ गुण लिहीत पाहा.