सायलेन्सर बदलल्यानंतरचे ट्यूनिंग (मोटारसायकल)

मोटारसायकलला मोकळ्या निकासाचा सायलेन्सर बसवल्यावर हवा व इंधन यांचे प्रमाण पुन्हा जुळवावे लागते का, हे बदल किती मोठा आहे यावर अवलंबून असते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी १ भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. निकास मोकळा झाल्यास मिश्रण विरळ होऊन इंजिन अधिक तापू शकते. थ्रॉटल सोडताच फटफट आवाज येणे हेही त्याचे लक्षण मानले जाते. अर्थात सायलेन्सरच्या जोडातील फटीतून हवा शिरल्यासही तसाच आवाज येतो, त्यामुळे आधी तो जोड तपासणे इष्ट.

कार्ब्युरेटरमध्ये मोठा मेन जेट बसवून मिश्रण सुधारतात. फ्युएल इंजेक्शनमध्ये ऑक्सिजन सेन्सर स्थिर वेगात ही दुरुस्ती मर्यादेपर्यंत आपोआप घडवतो, पूर्ण थ्रॉटलला मात्र बहुधा नाही. त्यामुळे केवळ मागचा भाग बदलल्यास ट्यूनिंग सहसा लागत नाही. इंजिनापासूनची संपूर्ण नळी बदलल्यास ते बहुधा करावे लागते.