अल्पसाठ्याची सूचना आणि नवा गुमास्ता

माल संपण्यापूर्वी त्याची वार्ता धन्याच्या कानी जावी, ही व्यापाराची फार जुनी गरज आहे. पूर्वीच्या पेढीवर हे काम मुनीम सांभाळीत. कोणता माल किती दिवस पुरेल आणि नवा येण्यास किती दिवस लागतील, हे त्यांच्या वहीत थोडे व ध्यानात पुष्कळ असे. आता हीच चौकशी संगणकावरील कृत्रिम बुद्धिमत्तेचे 'एजंट' करू लागले आहेत. या नव्या गुमास्त्याच्या हाती अल्पसाठ्याची सूचना देणारे साधन देताना त्यासोबत कोणती माहिती लिहून द्यावी, याचा विचार आम्ही येथे सभासद बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत.

उदाहरण आपल्या भंवरकुआंचेच घेऊ. १८९१ साली स्थापन झालेले होळकर महाविद्यालय, १९६४ पासूनचे विश्वविद्यालय व स्पर्धापरीक्षांचे शिकवणीवर्ग यांच्या सान्निध्यामुळे येथे वह्यापुस्तकांना मोठी मागणी असते. समजा, एका दुकानी रोज सरासरी ४० वह्या खपतात, माल येण्यास ५ दिवस लागतात आणि अडीअडचणीसाठी ६० वह्या राखून ठेवावयाच्या आहेत. तर ४० गुणिले ५ म्हणजे २०० आणि त्यात ६० मिळवून २६० ही सूचनेची पातळी झाली. साठा तेथवर उतरला की मागणी नोंदवावी. हे गणित नवे नाही. टॅलीसारख्या हिशेबप्रणालीतही अशी पातळी ठरविण्याची सोय आहे.

नवे आहे ते वाचणाऱ्याचे स्वरूप. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या खुल्या पद्धतीत प्रत्येक साधनाचे नाव, साध्या भाषेतील वर्णन आणि त्यास पुरवावयाच्या माहितीचा नमुना एजंटापुढे ठेवला जातो. साधन केव्हा वापरावे हे तो मुख्यतः त्यावरूनच ठरवितो. मुनीमजींना न सांगता कळे. यास लिहिल्यावाचून कळत नाही, आणि न लिहिलेले तो अंदाजाने भरून काढतो.

म्हणून प्रथम परिमाण लिहावे. साधनाने '२२' एवढेच कळविले व ते डझन असले, तर दुकानी २६४ वह्या आहेत, म्हणजे साठा पुरेसा आहे. एजंटाने ते नग मानले, तर तो नाहक मोठी मागणी सुचवील. दुसरे, साठा कोणता हे सांगावे: दुकानातील की कोठारातील, गिऱ्हाइकासाठी राखलेला वजा करून की धरून. वाटेवरचा माल वेगळा दाखविला नाही, तर दर तासाला चौकशी करणारा एजंट दर तासाला त्याच वह्या पुन्हा मागवू पाहील.

तिसरी गोष्ट बारीक, परंतु सर्वांत महत्त्वाची आहे. 'शून्य' आणि 'नोंद नाही' या दोन भिन्न गोष्टी होत. यादी रिकामी आली तर सर्व माल पुरेसा आहे, की वही उघडताच आली नाही, हे उत्तरातच स्पष्ट असावे. अन्यथा बिघाडालाच सुबत्ता समजले जाईल. शेवटची मोजदाद केव्हा झाली आणि सरासरी किती दिवसांची धरली, हेही नमूद असावे. कारण सुटीतल्या सरासरीवर वर्ग सुरू होण्याच्या दिवसांचा खप भागत नाही.

चौथी गोष्ट अधिकाराची. हे साधन केवळ साठा पाहते, काही बदलीत नाही व खरेदी करीत नाही, असे वर्णनात स्पष्ट लिहावे. मागणी नोंदविण्याचे साधन निराळे असावे आणि त्यावर धन्याची संमती लागावी. केवळ लिहिण्याने कुलूप लागत नाही. म्हणून ही मर्यादा प्रणालीतही घालावी. भांडवल अडकते ते आपले आणि पत जाते तीही आपलीच.

हे टिपण उतरले की नाही, याची परीक्षा सोपी आहे. ते पेढीवर आजच रुजू झालेल्या होतकरू मुलाच्या हाती द्यावे. त्याने एकही प्रश्न न विचारता योग्य उत्तर आणले, तर टिपण पुरे झाले. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे टिपणात भरावयाची एक ओळ होय. मुनीमजींच्या ध्यानात राहिलेले ज्ञान या निमित्ताने कागदावर उतरले, तर एजंटाप्रमाणेच आपल्या पुढच्या पिढीलाही त्याचा लाभ होईल, असा आमचा विश्वास आहे.