जुन्या जीपचे चाक घट्ट बसवा

जुन्या विलीज जीपचे मूळचे चाक बसवताना घाई नको. चाक हबला टेकते तिथला गंज, माती व रंगाचे पोपडे तारेच्या ब्रशने काढा. ग्रीस लावू नका. मध्ये थर राहिला तर तो झिजून नट सैल पडतात, भोके लांबट होतात आणि चाक निखळते.

नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवा. पाचही नट आधी हाताने बसवा, मग एक सोडून एक आवळा. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, ते डावीकडे फिरवून आवळतात. जीप जॅकवरून उतरवल्यावर नट पूर्ण आवळा. ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. भोके लांबट झालेले चाक वापरूच नका. गाडीत घरचीच माणसे बसतात.