केळीबागेतून सोबत आलेला सामरी

तुलसी आणि श्याम रामसे या दोघा भावांच्या सिनेमांचे नंबर लावायला माझ्याकडे एकच माप आहे: लास्ट शो सुटल्यावर घरी पोचेपर्यंत कोणता सिनेमा सोबत आला. जळगावात खेळ सुटायचा तेव्हा आमच्या गावाची एसटी कधीच निघून गेलेली असायची. मग फाट्यापर्यंत मालट्रक आणि तिथून पुढे केळीबागांमधून पायी.

या मापाने पहिला ‘पुराना मंदिर’ (१९८४). यावर मी कुणाशीही वाद घालीन. राजा हरिमान सिंगने सामरी या सैतानाचं मुंडकं धडावेगळं करून पेटीत बंद केलं, धड मंदिरामागे पुरलं आणि घराण्याला शाप लागला की लेक बाळंतपणात मरेल. पूर्वजाचं देणं लेकीने फेडायचं, ही गोष्ट आमच्याकडे आजी ओट्यावर बसून सांगायची, त्यामुळे ती परकी वाटलीच नाही. सामरी झालेला उंचापुरा अनिरुद्ध अग्रवाल प्रत्यक्षात शिकलेला इंजिनिअर होता, हे नंतर कळलं. ‘अर्धसत्य’मुळे वर्षभरापूर्वीच घरोघरी पोचलेले नगरचे सदाशिव अमरापूरकरही यात आहेत.

त्या रात्री चुलतभाऊ पुढे, मी मागे. केळीच्या खोडांना लोंबणारी वाळली पानं वारा नसतानाही खरखरत होती. पाटाच्या कडेला डोक्यावरून घोंगडी घेतलेला कुणीतरी उभा. भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, ‘‘मांगे देखजो नको रे.’’ तो रातचं बारं धरलेला आमच्याच शेजारचा सालदार होता. त्याने बिडी पेटवली तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

दुसरा ‘बंद दरवाजा’ (१९९०). मूल होत नाही म्हणून ठकुराईण काळ्या पहाडीतल्या नेवलाकडे जाते आणि मुलगी झाली तर ती त्याला द्यायची, असं कबूल करते. ड्रॅक्युलाचा सांगाडा इंग्रजी आहे, पण नवस फेडताना होणारी तगमग आपली आहे. ‘वीराना’ (१९८८) लोक पहिला धरतात. मी तो धुळ्याला मामांकडे असताना आग्रा रोडने चालत जाऊन पाहिला. जास्मिनचे डोळे विसरणं शक्य नाही, तरी मधल्या विनोदी भागात भीती सांडून जाते. म्हणून माझ्याकडे तो तिसरा.

‘तहखाना’, ‘पुरानी हवेली’ एकदा पाहण्यापुरते. ‘सामरी’ (१९८५) थ्रीडी होता, पण पहिल्या सामरीशी त्याचं नावापुरतंच नातं.

चौथ्या जागी मी ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) ठेवतो आणि तो मला मनापासून आवडतो. रामसे मंडळी मूळची रामसिंघानी. कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर ती मुंबईत आली. आधीच्या एका सिनेमातला चोरीचा प्रसंग मुखवट्यामुळे लोकांना थरकवून गेला, तिथून वडील फत्तेचंद यांनी ही वाट धरली. महाबळेश्वरला घरच्याच माणसांनी सिनेमा उभा केला. गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, कुमार लेखनाला. सात भावांचा हा कारखाना शेतकरी घरासारखाच चालायचा, ज्याला जे जमेल त्याने ते करायचं. कमी पैशांत धूर, निळा उजेड आणि दाराची करकर यांवर त्यांनी जे साधलं, त्याला मी कला म्हणतो.

१९९३ मध्ये टीव्हीवर रामसेंचा ‘झी हॉरर शो’ सुरू झाला. घरात बसून पाहता येऊ लागलं आणि फाट्यावरून चालत यायचं कारण उरलं नाही.

तुलसी २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये, गंगू २०२४ मध्ये. गंगूंची बातमी वाचली त्या रात्री मी पुतण्याला ‘पुराना मंदिर’ लावून दिला. भिंत फोडून पेटी बाहेर काढतात तिथे त्याने मोबाइल बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘‘काका, बाहेरची लाइट लावून येऊ?’’